उन्हात ठेवलेले सेल

तक्रार: रिमोट चालत नाही

आधी मागचं झाकण काढा. सेल जागच्या जागी फिरवा. तेवढ्यानं चालला तर ठीक. नाही चालला तर सेल काढून स्प्रिंग पुसा; हिरवट बुरशी धरली असेल तर खोडरबरानं घासा. तरीही नाही, तर सेल दाताखाली धरून हलकेच दाबा. (लहान मुलांसमोर नको.) तरीही नाही, तर रंभाबायकडे पाठवा.

पनवेलच्या कोळीवाड्यात ही शेवटची पायरी सगळ्यांना ठाऊक होती. रंभाबाय सुकी मासळी विकायची. घराच्या पत्र्यावर जुनं जाळं अंथरून त्यावर बोंबील, जवळा, वाकट्या वाळत घातलेल्या असायच्या आणि त्यांच्या कडेला एका सुपात आळीतल्या लोकांचे सेल. रिमोटचे, घड्याळांचे, टॉर्चचे जाडे सेल. त्या वर्षांत वीज रोज जायची, त्यामुळे टॉर्च रोज लागायचा. दिवसभर ऊन खाल्लेला सेल अजून थोडा चालायचा. कुणी विचारलं तर रंभाबाय म्हणायची, "मासली काय नि सेल काय, आतलं पानी गेलं की टिकतं."

सेल परत देताना ती तो पदराला पुसून द्यायची. बोंबलाचा वास मात्र जायचा नाही.


तक्रार: चालू होतं, लगेच बंद पडतं

रिमोटचं नाही. हे दुसरं यंत्र.

हर्षाली रंभाबायची नात. तिला चौथं लागलं होतं. जन्मापासून ऐकू येत नव्हतं. अगदीच नाही असंही नव्हतं. आवाज मोठा करून कानात सोडला तर पोहोचेल, असं तपासणारे म्हणाले होते. मागच्या पावसाळ्यात मुंबईच्या एका संस्थेनं तिला कानामागे लावायचं मशीन दिलं. फुकट दिलं, पण उसनं. पोरीत फरक दिसला तर मशीन तिचं. नाही दिसला तर ते पुढच्या मुलाला.

मशीन देताना तिथल्या मॅडमनी सगळं शैलेशला समजावलं. शैलेश हर्षालीचा बाप, बंदरावर ट्रेलर चालवायचा. घरी आल्यावर त्यानं लक्षात राहिलं तेवढं सांगितलं. रोज घालायचं. आंघोळीला काढायचं. दमट हवा मशीनची दुश्मन, सेलचीपण.

"दमट?" रंभाबाय म्हणाली. "ते माझ्यावर सोडा."

तिच्यावरच सोडलं. हर्षालीची आई किशोरी तळोज्याच्या एका कंपनीत पॅकिंगला होती. सकाळी पोरीच्या कानात मशीन घालून ती निघायची. दिवसभर पोर आजीकडे असायची.

पावसाळाभर मशीन चाललं. भांडं पडलं की हर्षाली मान वळवायची. पत्र्यावर कावळा चालला तर वर बघायची. एकदा आजीच्या मांडीवर बसून तिनं "बा" म्हटलं, आणि तो "बा" ऐकायला आळीतल्या बायका येऊन दारात उभ्या राहिल्या. किशोरी तिला जवळ घ्यायची तेव्हा मशीन छातीशी दाबलं जाऊन बारीक सीटी मारायचं. पोरं ओरडायची, "कुकर झाला, कुकर झाला!"

दिवाळीच्या सुमारास सीटी थांबली. घरात सगळ्यांना बरं वाटलं. शैलेश म्हणाला, "बसलं एकदाचं कानात."

पाडव्याला दारात माळ लावली. शेजारची दांडगी पोरंसुद्धा कान धरून आत पळाली. हर्षाली माळेशेजारी उभी राहून धूर बघत होती.

"वाघीन हाय वाघीन," शेजारी म्हणाले.

किशोरी हसली. मग हसायची थांबली आणि दुसऱ्या दिवशीपासून पोरीच्या पाठीमागे उभी राहून टाळ्या वाजवू लागली. टाळी. मग ताट-चमचा. मग पुन्हा टाळी. नवीन सेल घातला की सकाळपुरती हर्षाली वळायची, कधी वळायची नाही. संध्याकाळी तर कधीच नाही.

"नाटकं करते," शैलेश म्हणायचा. "सकाळी येतं ऐकू नि संध्याकाळी नाय? कान काय शिफ्टमध्ये चालतात?"

आणि एकदा, पोरीनं मशीन ओढून काढलं म्हणून, किशोरीनं तिच्या गालावर


तक्रार: दोष नेमका कुठे ते कळत नाही

शिमग्याच्या आधी संस्थेचा फोन आला. शनिवारी लाईन आळीतल्या हॉलमध्ये तपासणी आहे, मुलीला आणि मशीनला घेऊन या.

शैलेश म्हणाला, "आनी काय तपासायचं? घेऊन जातील. जाऊ दे. ज्याला उपयोग हाय त्याला होऊ दे."

किशोरीनं एकवीरा आईला मनातल्या मनात सांगितलं, मशीन बिघडलेलं निघू दे. नवस करताना लोक चांगलं मागतात. तिनं बिघाड मागितला. मशीनमध्ये असला तर पोरीत नसेल.

गुरुवारी ती कंपनीतून लवकर निघाली आणि हर्षालीला घेऊन उरण नाक्यावर आनंदाच्या दुकानात गेली. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. आनंदा साताऱ्याकडचा, रिमोट, चार्जर, टॉर्च, भिंतीवरची घड्याळं असलं सगळं दुरुस्त करायचा. त्याच्या एका हातात कुणाचा तरी मोबाइल होता, बॅटरी फुगून पाठीवर आवाळू आल्यासारखा.

"दादा, हे बघता का?"

"काय आहे, ब्लूटूथ?"

"कानाचं मशीन हाय. हिचं."

आनंदानं आधी पोरीकडे पाहिलं. "वहिनी, हे आपलं काम नाही. आपण रिमोटवाले. हे कंपनीत द्यावं लागतं."

"उघडू नका. नुसतं बघा. बिघडलंय एवढंच सांगा."

"बघायच्या आधीच सांगू?"

"सांगा ना."

तो हसला. ती हसली नाही, तेव्हा त्यानं मोबाइल बाजूला ठेवला. मशीनचं इवलंसं दार नखानं उघडून आतला गोल सेल काढला आणि मीटरच्या दोन सुया त्याला लावल्या. काटा थोडा थरथरला आणि खाली बसला.

"सेल गेलाय."

"नवीन हायत." किशोरीनं पर्समधून सेलचं कार्ड काढलं. प्रत्येक सेलवर छोटी रंगीत चिकटपट्टी होती. आनंदानं एकाची पट्टी काढली. मेलेला. दुसऱ्याची काढली. तोही. तिसरा त्यानं मीटरला लावला नाही. नाकाशी धरला.

"कोळीवाडा का?"

"कसं वलखलंत?"

"बोंबलाचा वास येतोय. कोळीवाड्यातला सेल मी डोळे मिटून ओळखतो. तिकडं एक मावशी आहे बघा, सगळ्या आळीचे सेल उन्हात घालते. माझी निम्मी गिऱ्हाइकं तिनं पळवली."

"माझी सासू ती."

"आयला." आनंदानं जीभ चावली. "रागावू नका हां. तिचं चुकत नाही. पेन्सिल सेल ऊन लागलं की थोडा वेळ उठतो. पण हा त्या जातीचा नाही. हा हवेवर चालतो." त्यानं सेल पालथा करून पाठीवरची टाचणीएवढी भोकं दाखवली. "पट्टी काढली की हवा आत गेली, सेल सुरू झाला. मशीनमध्ये असो नाहीतर डब्यात. पट्टी परत चिकटवून तो थांबत नाही. त्यात ऊन दिलं म्हणजे आत जी काय ओल होती ती सुकली. संपला. फार तर सकाळभर कुरकुरेल."

किशोरीनं कार्ड हातात घेऊन नीट पाहिलं. पट्ट्या कडेला कड जुळवून लावल्या होत्या, एकही तिरकी नाही. इतकं नेटकं घरात एकच माणूस काम करायचं. आणि दर वेळी ती स्वतः सकाळी ती पट्टी सोलून, नवा सेल म्हणून, पोरीच्या कानात घालून कामाला गेली होती.

आनंदानं ड्रॉवर उपसला. खेळण्यातल्या लाल लाइटचा एक सेल मापाला जुळला. "हा त्याचा नव्हे, पण दोन दिवस ढकलेल. खरं कार्ड उद्या आणून ठेवतो." त्यानं सेल आत घातला, दार लावलं, मशीन मुठीत धरलं.

मुठीतून सीटी आली.

"घ्या," तो खुशीत म्हणाला. "मशीन ठणठणीत."

"म्हणजे बिघाड नाय?"

"मशीनमध्ये नाही."

"मग पोरीत?"

"वहिनी, पोरीचं मला काय विचारता?" आनंदा पुन्हा त्या फुगलेल्या मोबाइलकडे वळला, मग थांबला. "बंद मशीन घालून बसली होती ती. एवढंच मी सांगू शकतो."


तक्रार: आवाज फार येतो

किशोरीनं तिथंच ते तिच्या कानात घातलं. घरी जाईपर्यंत धीर नव्हता.

उरण नाक्यावर संध्याकाळी रिक्षा एकमेकींच्या अंगावर चढतात. हर्षालीचे डोळे मोठे झाले. मग तोंड वाकडं झालं. तिनं दोन्ही हात कानावर मारले, मशीन ओढलं आणि किंचाळली. आणि मशीन अजून अर्धं कानात होतं म्हणून ती किंचाळी तिला स्वतःलाच ऐकू गेली. ती गप्प झाली. आईकडे बघत राहिली, हे तू केलंस अशा नजरेनं.


तक्रार: आवाज येत नाही

"आये, मशीनचे सेल तुमी उन्हात ठेवता?"

रंभाबाय शिडीवर उभी राहून पत्र्यावरचे बोंबील उलटे करत होती. "मंग! पाऊस सरून ऊन पडलं तवापासून, नवीन कार्ड आलं की लगेच. पट्टी काडायची, उन द्यायचं, पट्टी लावायची. तुला कवा सांगावं लागलं काय? एकाला दमट लागू दिलं नाय."

"आये, खाली या."

"आलेच. ही रांग होऊ दे."

"आत्ता या."

रंभाबाय उतरली. किशोरीनं सांगितलं. रंभाबायला पटेना. आख्खी आळी आपल्याकडं सेल देते. तो घाटी कोण सांगणारा, त्याला धंदा पायजे. मग किशोरीनं कार्डवरचा एक सेल मशीनमध्ये घातला आणि मूठ मिटून सासूच्या कानाशी धरली. काहीच नाही. खेळण्यातला सेल घातला. सीटी.

"परत कर."

किशोरीनं परत केलं.

रंभाबाय शिडीच्या खालच्या पायरीवर टेकली. तिच्या हाताला मासळीचं मीठ लागलं होतं, म्हणून ती पोरीला जवळ घेण्याआधी तो लुगड्याला पुसत राहिली, पुसतच राहिली, आणि जवळ घ्यायचं राहिलं.

"दिवालीपासून?"

"हो."

"मी हिला दिवसभर गोष्टी सांगत व्हते." मग दबक्या आवाजात, "शैलेशला सांगनार?"

किशोरीनं मेलेले सेल कार्डात परत खोचले.

"तो मला हिच्याजवल बसू देनार नाय गो. तुला म्हायतीय त्याचं. बापाशी शेवटपर्यंत बोल्ला नाय तो, एका होडीवरून."

"नाय सांगत," किशोरी म्हणाली.


तक्रार:

रोज घालते?
हो.

दिवसभर?
हो, मॅडम.

आंघोळीला, झोपताना काढता?
काढतो, शैलेश म्हणाला. तुमी सांगितलेलं सगळं करतो.

मॅडमनी मशीन हातात घेऊन तपासलं. आत आनंदानं आणून दिलेला खरा सेल होता. मशीन चांगलं होतं.

सेल वेळेवर बदलता?

हॉलमध्ये पंखा कुरकुरत होता. भिंतीला लागून खुर्च्यांवर आणखी काही आया होत्या, त्यांची पोरं होती. रंभाबाय शेवटच्या खुर्चीवर पदर ओढून बसली होती.

हो, शैलेश म्हणाला. मीच आणतो दादरवरून.

मॅडमनी हर्षालीच्या मागे उभं राहून छोटा ढोल वाजवला. ती वळली नाही. तिनं मान खांद्यात घातली आणि रडायला लागली. परवापासून प्रत्येक आवाजाला ती हेच करत होती. मॅडमनी घंटी वाजवली. रडणं वाढलं. खुळखुळा. आता ती आईच्या साडीत शिरली.

मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि हळू आवाजात बोलल्या. "हे बघा, मशीन चांगलं आहे. तुम्ही रोज घालता, सेल बदलता. तुमची काही चूक नाही. तरी इतक्या महिन्यांत फरक नाही, उलट ती त्रासतेय. म्हणजे हिला ह्याचा उपयोग होत नाहीये. काही मुलांचं तसं असतं. वाईट वाटून घेऊ नका. बाहेर नेरे गावचा एक मुलगा बसलाय, त्याला लावून बघू."

शैलेशनं मान हलवली. हे त्यानं आधीच मनाशी धरलं होतं. तो वाकून पोरीच्या कानातून मशीन काढायला लागला. फार हळू काढत होता, केस ओढू नयेत म्हणून.

किशोरीनं रंभाबायकडे पाहिलं.

रंभाबायनं जमिनीकडे पाहिलं.

किशोरीनं अजून थोडी वाट पाहिली. बोलेल. आता बोलेल. मशीन पोरीच्या कानातून सुटून शैलेशच्या तळहातावर आलं, आणि तिथं त्यानं सीटी मारली.

"थांबा," किशोरी म्हणाली. "सेल मेलेले होते. दिवाळीपासून मशीन बंदच होतं. आयेनी सेलच्या पट्ट्या काढून ते उन्हात सुकवले. दमट लागू नये म्हणून. आमाला माहीत नव्हतं. पोरीत खोट नाय, मॅडम. तिला ऐकायलाच मिळालं नाय."

"सुकवले?" मॅडमच्या शेजारची तरुण मुलगी हसली आणि लगेच तोंडावर हात धरला.

शैलेशनं विचारलं, "कोणी?" ऐकलं होतं त्यानं. तरी विचारलं.

मशीन राहिलं. पावसाळ्यापर्यंत राहील, मग परत बघू, असं मॅडम म्हणाल्या. नेऱ्याच्या मुलाला निरोप द्यायला त्या तरुण मुलीला पाठवलं. मग किशोरीला म्हणाल्या, "ह्या वयातले महिने परत मिळत नाहीत, बाई. तुम्हाला घाबरवायचं नाही, पण खरं सांगते. ती आवाजाला घाबरते, कारण तिची सवय मोडली. आता काढू द्यायचं नाही. रडली तरी नाही. आणि जे दिसेल त्याचं नाव घ्यायचं. कानाजवळ, स्पष्ट, दिवसभर. ती बोट दाखवेल, तुम्ही नाव सांगायचं."

हॉलच्या बाहेर चपला घालताना शैलेश आवाज न चढवता म्हणाला, "आये, आजपासून हिला हात लावू नको."

"शैलेश, अरे माझ्या मनात..."

"मनात काय व्हतं ते नाय विचारलं." मग किशोरीला, "नि तुला कवापासून म्हायती?"

"गुरुवारपासून."

"दोघी मिळून मला गाढव बनवता. भले." त्यानं नेऱ्याच्या त्या मुलाकडे बघितलं. तो आईच्या हाताला लोंबकळत पायऱ्या उतरत होता. शैलेशनं नजर वळवली.


चार्जिंग दाखवतं, होत नाही

किशोरीनं तळोज्याचं काम सोडलं. पोर आजीकडे ठेवायची नाही, तर कुणाकडे ठेवायची? शैलेश ताटावर बसायचा, पण आईनं वाढलेलं खायचा नाही. रंभाबाय पोरीला लांबूनच खाऊ दाखवायची आणि पोर धावत आली की हात मागे घ्यायची. हर्षालीला ते खेळासारखं वाटायचं. मग वाटेनासं झालं.

आठवड्यानं रंभाबाय म्हणाली, सुनिताकडे जाते आपट्याला. लेकीकडे. चार दिवस. एका पिशवीत चार दिवसांची लुगडी मावतात. तिनं दोन पिशव्या भरल्या.

"आये, नका जाऊ," किशोरी म्हणाली.

"तू बोल्लीस ते बरं केलंस." रंभाबायनं पिशवीला गाठ मारली. "मी नसते बोल्ले. तिथं बसून मी देवाला सांगत व्हते, किशोरी गप राहू दे. नातीचं मशीन गेलं तरी चालंल, पन किशोरी गप राहू दे. असली मी." तिनं गाठ पुन्हा सोडली, पुन्हा मारली. "मंग राहू कशी हितं?"

शैलेश ड्यूटीवर होता. पिशव्या घेऊन किशोरीच एसटी स्टँडवर आली, हर्षालीला कडेवर घेऊन. काढू द्यायचं नव्हतं, म्हणून मशीन कानात होतं. फलाटावर भोंगा बोलत होता, गाड्या मागे घेताना शिट्ट्या वाजत होत्या. हर्षालीचा हात सारखा कानाकडे जात होता आणि किशोरी तो सारखा खाली आणत होती. बाकावरची एक बाई म्हणाली, "काढा की हो ते, किती रडतेय लेकरू. आई आहे का कोण!"

आपट्याची गाडी लागली. रंभाबाय चढली. खिडकीजवळ जागा मिळाली.

हर्षालीनं हुंदका गिळून चाकाकडे बोट दाखवलं. एवढं ती ह्या आठवड्यात शिकली होती, की बोट दाखवलं की आईचे ओठ हलतात.

"चाक," किशोरी तिच्या कानाजवळ म्हणाली.

बोट वर गेलं.

"धूर."

"दार."

मग बोट खिडकीवर आलं आणि तिथं थांबलं. रंभाबाय खिडकीच्या गजांवर कपाळ टेकून बसली होती. ती पोरीकडे बघत नव्हती, किशोरीकडे बघत होती, तोंडाकडे. पोरही तोंडाकडेच बघत होती.

किशोरीनं तोंड उघडलं.

इंजिन सुरू झालं. पोर दचकून ओरडली, दोन्ही हात कानाकडे गेले. किशोरीनं ते धरले, घट्ट, आणि धरूनच ठेवले. गाडी मागे आली, वळली, गेटातून बाहेर पडली. तेवढ्या वेळात शब्द सांगता आला असता.

हर्षाली रडायची थांबली. तिचं बोट सुटलं आणि पुन्हा त्याच दिशेला गेलं, जिथं आता नुसता रिकामा फलाट होता. ती आईच्या ओठांकडे बघत राहिली.

"बस," किशोरी म्हणाली. "बस गेली."